अवताराला भावना कळतात, असं पेपर म्हणतो. मग आपण काय विचारायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने २ एप्रिल २०२४ रोजी, जागतिक आरोग्य दिनाच्या तोंडावर, 'सारा' नावाची एक डिजिटल आरोग्य-सहायक लोकांसमोर आणली. स्क्रीनवर एका बाईचा चेहरा दिसतो. तो पापण्या मिटतो, मान हलवतो, आपण बोललो की ऐकल्यासारखं करतो आणि सिगारेट कशी सोडावी, ताण कसा कमी करावा, मधुमेहात काय खावं याबद्दल बोलतो. चोवीस तास, आठ भाषांत. या आठांत हिंदी आहे, मराठी नाही. संघटनेने तिची ओळख करून देताना सहानुभूतीने उत्तर देणारी, कुणाला नावं न ठेवणारी, अशी करून दिली. आणि सोबतच, तिची उत्तरं दर वेळी बरोबर असतीलच असं नाही, हेही सांगून ठेवलं.

तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत किंवा सिनॉप्सिसचा विषय शोधताहेत, त्यांना हा विषय भुरळ घालणार हे उघड आहे. एआय आहे, आरोग्य आहे, मानसशास्त्र आहे, शिवाय डेमो दाखवला की समोरची कमिटी खूश. मी सुदुंबऱ्यात राहते. आजूबाजूला इंजिनिअरिंगची आणि फार्मसीची मुलं भरपूर आहेत, आणि "भावना ओळखणारा हेल्थ अवतार" हा प्रोजेक्टचा विषय आता आमच्याकडेही पोचला आहे. म्हणून म्हटलं, या क्षेत्रातलं गाजलेलं संशोधन एकत्र ठेवून जरा चिकित्सेने वाचू. विषय घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. पण कुठल्या पेपरने नक्की काय दाखवलं आहे आणि काय दाखवलेलं नाही, हे समजल्याशिवाय घेऊ नका, एवढंच म्हणणं आहे.

आधी तुकडे पाडू

"भावनेला प्रतिसाद देणारा अवतार" हे एक यंत्र वाटतं, पण आत तीन वेगवेगळी कामं आहेत. पहिलं, ओळखणं: चेहरा, आवाज किंवा लिहिलेले शब्द यांवरून माणसाला काय वाटतंय याचा अंदाज बांधणं. दुसरं, ठरवणं: त्या अंदाजावरून काय बोलायचं हे निवडणं. तिसरं, दाखवणं: चेहरा, आवाज, मान हलवणं यांतून आपुलकी दिसेल असं करणं.

पेपर वाचताना पहिली गोष्ट हीच बघा, की या तीनपैकी नक्की कशावर काम झालं आहे. बऱ्याचदा शीर्षकात तिन्ही असतात आणि प्रयोगात एकच असतं.

तिसरं काम सर्वांत जुनं आहे आणि सर्वांत सोपंही. १९६६ साली एमआयटीमधल्या जोसेफ वायझेनबाउमने 'एलायझा' हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो समोरच्याचं वाक्य उलटून प्रश्न म्हणून परत करायचा, बाकी काही नाही. चेहरा नाही, आवाज नाही, समज तर अजिबात नाही. तरी लोक त्याच्याशी मनातलं बोलू लागले. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीने तर एलायझाशी बोलताना त्यालाच खोलीबाहेर जायला सांगितलं, हा किस्सा त्याने स्वतः लिहून ठेवला आहे. म्हणजे माणसाला "हे मला समजून घेतंय" असं वाटायला फार थोडं पुरतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जेव्हा एखादा पेपर म्हणेल की "वापरणाऱ्यांना अवतार सहृदय वाटला", तेव्हा तुम्हाला विचारता आलं पाहिजे: एलायझाही वाटला असता, मग यात नवीन काय?

१९९७ साली रोझलिंड पिकार्ड यांचं 'अफेक्टिव्ह कॉम्प्युटिंग' आलं आणि पहिल्या कामाला, म्हणजे ओळखण्याला, विषय म्हणून नाव मिळालं. तिथून पुढची गोष्ट आपण चार प्रश्नांतून बघू.

प्रश्न पहिला: मोजलं काय?

टिमोथी बिकमोर आणि पिकार्ड यांचा २००५ चा अभ्यास या क्षेत्रात सगळे उद्धृत करतात. 'लॉरा' नावाची अवतार-प्रशिक्षक, १०१ माणसं, एक महिना, उद्देश रोजचं चालणं वाढवणं. एका गटाला नातं जोडणारी लॉरा मिळाली: विचारपूस करणारी, आधीचं बोलणं लक्षात ठेवणारी, धीर देणारी. दुसऱ्या गटाला तीच लॉरा, पण कामापुरतं बोलणारी. निकाल असा, की नातं जोडणारी लॉरा लोकांना जास्त जवळची वाटली आणि तिच्यासोबत पुढे काम करायची इच्छाही जास्त दिसली. पण चालणं? या दोन गटांत त्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

हा पेपर अयशस्वी नाही. उलट प्रामाणिक आहे, दोन्ही गोष्टी त्यात लिहिल्या आहेत. गडबड होते ती नंतरच्या उद्धृत करणाऱ्यांकडून. पहिलं अर्धं वाक्य उचललं जातं आणि दुसरं मागे राहतं. "नातं जोडणारे अवतार परिणामकारक असतात" असं कुणी लिहिलं की तुम्ही विचारा: कशावर परिणामकारक? आवडण्यावर की आरोग्यावर?

बिकमोर यांच्याच गटाचा २००९ चा अभ्यास याहून जास्त शिकवणारा आहे. बॉस्टनमधल्या हॉस्पिटलात डिस्चार्जच्या वेळी 'लुईस' नावाची नर्स-अवतार रुग्णाच्या खाटेपाशी आणली. रुग्णाच्या हातात डिस्चार्जची पुस्तिका, स्क्रीनवर लुईस. ती एकेक पान समजावते, गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगते आणि शेवटी "सांगा बघू, ही गोळी कशासाठी?" असं विचारून समजलंय का ते तपासते. बऱ्याच रुग्णांनी सांगितलं की डॉक्टर-नर्सपेक्षा हिच्याकडून ऐकणं बरं, कारण ही घाई करत नाही.

आता नीट बघा. लुईस रुग्णाचा चेहरा वाचत नव्हती. रुग्ण स्क्रीनवरचा पर्याय बोटाने निवडायचा. म्हणजे वर सांगितलेलं पहिलं काम, ओळखणं, इथे नव्हतंच. जे उपयोगी पडलं ते होतं वेळ देणं, सावकाश सांगणं आणि पुन्हा विचारणं. कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या ओपीडीबाहेर अर्धा तास उभे राहा, मग रुग्णांना नेमकं काय कमी पडतं ते दिसेल. चेहरा वाचणारा कॅमेरा ही त्यांची पहिली गरज नाही.

प्रश्न दुसरा: तुलना कोणाशी?

२०१७ चा 'वोबॉट'चा अभ्यास घ्या. १८ ते २८ वयोगटातले ७० जण, दोन आठवडे. अर्ध्यांना वोबॉट हा गप्पा मारणारा प्रोग्रॅम, अर्ध्यांना नैराश्यावरचं एक ई-पुस्तक. वोबॉटच्या गटात नैराश्याचा गुण कमी झाला, पुस्तकाच्या गटात तसा झाला नाही. चिंता मात्र दोन्ही गटांत कमी झाली. अभ्यास रँडमाइज्ड आहे, ही त्याची जमेची बाजू. पण तुलना पुस्तकाशी आहे, माणसाशी नाही. कालावधी दोन आठवड्यांचा आहे. आणि लेखकांत वोबॉट कंपनीच्या संस्थापक आहेत. यातलं काहीही गुन्हा नाही, पण निष्कर्ष लिहिताना हे तिन्ही लिहावं लागतं. जाता जाता: वोबॉटचं अ‍ॅप ३० जून २०२५ ला बंद झालं. ज्यांना त्याची सवय लागली होती त्यांचं काय, हा प्रश्न त्या ७० जणांच्या प्रयोगात बसणारच नव्हता.

आपल्याकडचं उदाहरण बंगळुरूच्या 'वायसा'चं. २०१८ च्या अभ्यासात १२९ वापरकर्ते होते: जास्त वापरणारे १०८, कमी वापरणारे २१. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीवर (नऊ प्रश्न, एकूण गुण ० ते २७) जास्त वापरणाऱ्यांची सरासरी सुधारणा ५.८४, कमी वापरणाऱ्यांची ३.५२. फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय निघाला. आता तुम्ही परीक्षक आहात असं समजा. एक, गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते. लोकांनी आपापल्या मर्जीने कमी-जास्त वापरलं. ज्याला बरं वाटू लागलं तो जास्त वापरतो, की जो जास्त वापरतो त्याला बरं वाटतं? या मांडणीतून ते सांगता येत नाही. दोन, पीएचक्यू-९ वर साधारण ५ गुणांचा बदल हा रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण धरतात. दोन गटांतला फरक २.३२ आहे. तीन, जे मधेच सोडून गेले आणि ज्यांनी दुसऱ्यांदा प्रश्नावली भरलीच नाही, ते या १२९ मध्ये नाहीत. अभ्यास निरीक्षणात्मक आहे, प्राथमिक आहे, आणि तसाच वाचला तर चांगला आहे. जाहिरातीत तो तसा वाचला जात नाही.

तिसरं उदाहरण सर्वांत गाजलेलं. २०२३ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात रेडिटवर लोकांनी विचारलेले १९५ वैद्यकीय प्रश्न घेतले. डॉक्टरांनी तिथे दिलेली उत्तरं आणि चॅटजीपीटीची उत्तरं शेजारी ठेवली. ५८५ मूल्यमापनांपैकी ७८.६ टक्क्यांत चॅटबॉटचं उत्तर पसंत केलं गेलं. "सहृदय" किंवा "अतिशय सहृदय" असा शेरा डॉक्टरांच्या ४.६ टक्के उत्तरांना मिळाला, चॅटबॉटच्या ४५.१ टक्के उत्तरांना. मथळे काय आले असतील ते वेगळं सांगायला नको.

पण डॉक्टरांचं उत्तर सरासरी ५२ शब्दांचं होतं आणि चॅटबॉटचं २११ शब्दांचं. डॉक्टर फुकट, अनोळखी माणसाला, फावल्या वेळात लिहीत होते. आणि "सहृदय" हा शेरा मारणारे आरोग्य-व्यावसायिक होते, प्रश्न विचारणारे रुग्ण नव्हते. मग इथे मोजली गेली ती सहृदयता की लांबी? निदान हा प्रश्न तुम्ही व्हायव्हात विचारला तर कुणी तुम्हाला अडाणी म्हणणार नाही.

प्रश्न तिसरा: चेहऱ्यावरून भावना कळते का?

'एली' हे या क्षेत्रातलं सर्वांत देखणं उदाहरण. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात बनलेली ही मुलाखतकार-अवतार समोरच्याचा चेहरा, नजर, आवाज टिपते आणि त्याप्रमाणे मान डोलावते. २०१४ च्या अभ्यासात २३९ जण होते. काहींना सांगितलं की एलीला पलीकडून माणूस चालवतोय, काहींना सांगितलं की ती पूर्ण स्वयंचलित आहे. ज्यांना वाटलं की पलीकडे कुणी नाही, ते मोकळेपणाने बोलले, स्वतःची प्रतिमा कमी जपली आणि दुःखही जास्त दाखवलं.

हा निकाल सगळे अवतारांच्या बाजूने वापरतात. मला तो उलट्या बाजूनेही बोलताना दिसतो. लोक मोकळे झाले ते एली माणसासारखी असल्यामुळे नाही, तर पलीकडे माणूस नाही या खात्रीमुळे. "हे कोण ऐकणार, कोण काय म्हणणार" ही भीती गेली म्हणून. मग जर आपण अवताराला जास्तीत जास्त माणसासारखं करत गेलो आणि "मला तुमचं दुःख जाणवतंय" असं त्याच्या तोंडी घातलं, तर तोच फायदा आपण आपल्या हाताने कमी करत नाही ना? इथे एक खरा संशोधन-प्रश्न आहे, आणि तो मराठी बोलणाऱ्यांवर करून बघण्याजोगा आहे.

ओळखण्याच्या पायाबद्दलच शंका आहे, ते वेगळं. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली चेहरा आणि भावना यांवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. त्याचं सार असं: राग आला की माणूस कपाळाला आठ्या घालतोच असं नाही. सरासरी पाहिली तर रागात आठ्या दिसण्याचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आतच भरतं, आणि आठ्या तर एकाग्रतेतही पडतात, उन्हातही. म्हणजे चेहऱ्याची हालचाल मोजता येते. तिच्यामागची भावना त्यातून थेट वाचता येत नाही. २०२२ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या चेहरा-सेवेतून भावना ओळखण्याची सोय काढून घेतली. युरोपीय महासंघाच्या एआय कायद्याने २ फेब्रुवारी २०२५ पासून नोकरीच्या ठिकाणी आणि शिक्षणात भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांसाठी मात्र सूट आहे. म्हणजे जे वर्गात चालत नाही ते दवाखान्यात चालू शकतं. ही सूट द्यावी की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, पण पुरावा दोन्ही ठिकाणी तोच आहे, हे विसरू नका.

प्रश्न चौथा: कुठल्या भाषेत?

आता आपल्या अंगणात येऊ. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. एवढ्या लोकांच्या भावना यंत्राला शिकवायच्या तर मराठीतला विदा लागतो. त्यावर पुण्यातच काम चालू आहे, आणि ते तुम्हाला माहीत असायला हवं.

पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२१ साली 'महासेंट' हा संच खुला केला: सुमारे १६,००० मराठी ट्वीट्स, त्यांवर सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ अशी तीन लेबलं. २०२३ मध्ये त्याची मोठी आवृत्ती आली. तिच्यात चित्रपट-परीक्षणं, मालिकांची सबटायटल्स, राजकीय आणि सर्वसाधारण ट्वीट्स मिळून सुमारे ६०,००० नमुने. मग २०२५ मध्ये 'महाइमोशन्स': अकरा भावनांची लेबलं असलेला संच. विद्यार्थ्यांच्या हातून उभं राहिलेलं, सगळ्यांना वापरू दिलेलं हे काम मोलाचं आहे. आधी काहीच नव्हतं, हे विसरून त्यावर टीका करणं सोपं आहे.

तरी चिकित्सा करायचीच. ट्वीट आणि सबटायटल म्हणजे दवाखान्यातलं बोलणं नव्हे. पुढाऱ्याच्या ट्वीटवर शिकलेलं मॉडेल गरोदर बाईची काळजी ओळखेल, असं गृहीत धरता येत नाही. शिवाय महाइमोशन्समधल्या प्रशिक्षणाच्या वाक्यांना लेबलं माणसांनी नाही, मोठ्या भाषा-मॉडेल्सनी दिली आहेत, आणि ती देताना मराठी वाक्य आधी इंग्रजीत नेऊन मग भावना ठरवण्याची पद्धत वापरली आहे. तपासणीचे संच मात्र माणसांनी लेबल केले आहेत, आणि हे सगळं लेखकांनी उघडपणे लिहिलं आहे. पद्धत स्वस्त आहे, बरीचशी चालतेही. पण आरोग्यासाठी वापरायची तर इंग्रजीच्या पुलावरून जाताना काय सांडतं ते बघावं लागेल.

काय सांडतं? आपल्याकडे कोणी सहसा "मला नैराश्य आलंय" म्हणत नाही. म्हणतात "जीव लागत नाही", "काळजात धस्स होतं", "पोटात गोळा येतो", "डोकं नुसतं गच्च झालंय", "अन्न गोड लागत नाही". यातलं पोटात गोळा येणं पोटाच्या खात्यात गेलं तर रुग्णाला अ‍ॅसिडिटीची गोळी मिळेल. मार्क निक्टर यांनी १९८१ साली दक्षिण कर्नाटकातल्या बायकांचा अभ्यास करून दाखवलं होतं की दुःख सांगायची प्रत्येक समाजाची आपली बोली असते, आणि शरीराच्या तक्रारी हा त्या बोलीचा मोठा भाग असतो. हा पेपर संगणकशास्त्रातल्यांनीही वाचावा, छोटा नाही पण डोळे उघडणारा आहे.

आमच्या गावात संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग लिहून घेणारे, जपणारे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. लेखनिकाचं काम मला भावना-लेबल देण्याच्या कामाशी ताडून बघावंसं वाटतं. जे ऐकलं ते तसंच उतरवायचं, आपल्या सोयीचा शब्द घालायचा नाही. "जीव घाबरा होतोय" या वाक्यापुढे नुसतं "भीती" लिहून मोकळं होणं म्हणजे अर्धं ऐकणं.

बोलण्याचाही प्रश्न आहे. "मी तुमच्या भावना समजू शकते" हे वाक्य मराठीत व्याकरणाने बरोबर आहे, पण असं कोण बोलतं? आपली आशाताई म्हणते, "घाबरू नका मावशी, होतं असं. जेवलात का सकाळपासून?" धीर त्या "जेवलात का"मध्ये आहे. कुणाला ताई, कुणाला आजी, कुणाला नुसतं "अहो" म्हणायचं, हे अवताराला कोण शिकवणार? आणि घरात फोन एकच, तोही नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात, तर मनातलं बोलायचं कुणासमोर? एलीच्या प्रयोगात खोली रिकामी होती. आपल्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं असतात. तो प्रयोग इथे जसाच्या तसा लागू होईल असं म्हणता येत नाही.

मुंबईतलं एक वेगळं उत्तर

आता एक उदाहरण, ज्यात अवतार नाही. मुंबईतली 'आरमान' ही संस्था डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली सुरू केली. तिच्या 'एममित्र' या उपक्रमात गरोदर बायकांना आणि नव्या आयांना ठरावीक वेळी फोनवर आवाजी संदेश येतात, मराठीत किंवा हिंदीत. अडचण अशी होती की काही आठवड्यांनी बऱ्याच जणी ऐकणं सोडून द्यायच्या. संस्थेची माणसं फोन करून समजावू शकत होती, पण सगळ्यांना फोन करणं शक्य नव्हतं.

मिलिंद तांबे यांच्यासह गूगल रिसर्च आणि इतर संशोधकांनी इथे एआय वापरला तो वेगळ्याच कामासाठी: या आठवड्यात कुणाला फोन केला तर सर्वांत जास्त उपयोग होईल, हे सुचवण्यासाठी. २०२१ च्या क्षेत्रीय अभ्यासात सुमारे २३,००० बायका होत्या, तीन गट, सात आठवडे. एका गटात एआयने सुचवलेल्यांना फोन, दुसऱ्यात ओळीने फोन, तिसऱ्यात नेहमीप्रमाणे, म्हणजे असे फोन नाहीत. एआयच्या गटात ऐकणं सुटण्याचं प्रमाण नेहमीच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं. ओळीने फोन केलेल्या गटात लक्षणीय फरक दिसला नाही.

मला हा अभ्यास आवडतो, आणि आवडतो म्हणूनच त्यालाही पहिला प्रश्न विचारला पाहिजे. मोजलं काय? संदेश ३० सेकंदांहून जास्त ऐकला का, हे. बाळाचं वजन नाही, आईचं हिमोग्लोबिन नाही. ऐकणं टिकलं, तब्येत सुधारली का हा पुढचा प्रश्न. पण तुलना सच्ची आहे, गट मोठे आहेत आणि यंत्राचं काम माफक आहे. यंत्र निवडतं, बोलतो माणूस. सहानुभूतीचं सोंग यंत्राला करावं लागत नाही. सारा आणि एममित्र शेजारी ठेवले तर आपल्या परिस्थितीत संशोधनाचा पैसा कुठे लावावा, याबद्दल माझं मत एममित्रच्या बाजूला झुकतं.

चुकलं तर?

मे २०२३ अखेर अमेरिकेतल्या खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संघटनेने, नीडाने, आपला 'टेसा' हा चॅटबॉट तातडीने बंद केला. माणसं चालवत असलेली हेल्पलाइन बंद करायचं तिने नुकतंच ठरवलं होतं. आणि तेवढ्यात टेसा उपासमारीने आजारी पडणाऱ्या माणसांना वजन कमी करायचे सल्ले देताना सापडला. यात संशोधकाने शिकायचं ते असं: मूळ टेसा ठरावीक उत्तरांचा होता आणि त्याची तपासणी झालेली होती. नंतर चालवणाऱ्या कंपनीने त्यात नवी उत्तरं रचणारा एआय घातला. तपासलं एक, लोकांपुढे गेलं दुसरं.

साराचंही तसंच काहीसं. पत्रकारांनी तिला अल्झायमरवरच्या, २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या औषधाबद्दल विचारलं, तर ती म्हणाली की त्याच्या चाचण्या चालू आहेत. गंमत म्हणजे त्याच जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये अशा मॉडेल्सच्या धोक्यांवर चाळीसहून जास्त शिफारशी प्रसिद्ध केल्या होत्या. हसरा चेहरा चुकीचं उत्तरही विश्वासाने पटवतो, आणि म्हणून चेहरा जितका आपुलकीचा, तितकी चुकीची जबाबदारी मोठी. आपल्याकडे १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मराठीत माणूस बोलतो. तुमच्या प्रोजेक्टमधला अवतार एखाद्याने "जगावंसं वाटत नाही" म्हटल्यावर काय करेल, हे डेमोच्या आधी लिहून ठेवा. त्या क्षणी अवताराने मधून बाजूला व्हावं आणि माणसाकडे द्यावं, यापेक्षा चांगलं उत्तर मला कुठल्या पेपरात सापडलेलं नाही.

मग विषय कुठला घ्याल?

चेहरा वाचण्याची अचूकता ९२ वरून ९४ टक्के करणारे पेपर शेकड्याने आहेत, त्यात आणखी एक नको. त्याऐवजी हे बघा. मराठीत दुःख सांगायच्या पद्धतींचा, दवाखान्यातल्या बोलण्यावर आधारलेला, संमतीने गोळा केलेला आणि माणसांनी लेबल केलेला छोटा संच. पाचशे वाक्यांचा असला तरी चालेल. तोच मजकूर चेहऱ्यासह, फक्त आवाजात आणि फक्त लिहून दिला तर आजी-आजोबांना कशाने जास्त समजतं, याची तुलना. किंवा आशाताईंच्या बोलण्यातल्या धीर देण्याच्या पद्धतींचा अभ्यास, ज्यात संगणक शेवटी येईल. यात मानसशास्त्राचा, भाषेचा जाणकार सोबत लागेल. रुग्णांची माहिती हाताळणार असाल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आधी आणि डेटा नंतर. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा गाईडने सांगायची वाट न बघता वाचून काढा.

आणि आज रात्रीपुरतं एक काम. या विषयावरचा कुठलाही एक पेपर उघडा. वहीच्या पानावर चार रकाने आखा: मोजलं काय, तुलना कोणाशी, ओळखलं कशावरून, भाषा आणि माणसं कुठली. ॲबस्ट्रॅक्ट न वाचता फक्त पद्धत आणि निकाल या भागांवरून रकाने भरा. मग ॲबस्ट्रॅक्ट वाचा. दोन्हीत जे अंतर दिसेल, ते तुमच्या सिनॉप्सिसचं पहिलं पान.